तीन चिप्स आणि बिसेनकाकांचा डोळा

नोकरीत मी एकच लबाडी केली. एका बारीक स्क्रू ड्रायव्हरनं केली, अठरा अंशांची केली, आणि करताना हात जरासुद्धा थरथरला नाही. थरथरला असता तर आज सांगता तरी आलं असतं की बाई मनानं सज्जन होत्या.

संपादकांना कारखान्यातल्या बाईचे अनुभव हवे आहेत. बाई म्हणून काय काय सोसलं ते मी लिहावं, असं त्यांच्या मनात असावं. पण खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा माझ्या साहेबांनीच जास्त सोसलं. म्हणून ते राहू द्या. मी चिप्सची गोष्ट सांगते. बटाट्याच्या नव्हे.

आम्ही मूळचे भंडाऱ्याकडचे. बाबा भिलाईच्या मोठ्या कारखान्यात क्लार्क, म्हणून माझं बालपण सेक्टरच्या क्वार्टरमध्ये गेलं. नागपूरला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून परत आले ती औद्योगिक वसाहतीतल्या एका खासगी रोलिंग मिलमध्ये चिकटले. मिलचं नाव सांगत नाही. ती आता नाही, पण तिथली माणसं अजून बाजारात भेटतात. ऐंशीचं दशक उतरणीला लागलं होतं. छत्तीसगड वेगळं झालं नव्हतं, आमची सरकारी कागदपत्रं अजून भोपाळला जात आणि तिथंच राहत.

मिलचं काम सांगायला सोपं. बिलेट म्हणजे पोलादाची लांब, चौकोनी कांब. ती भट्टीत तापवायची, बाहेर आली की रोलांच्या जोड्यांमधून दाबत दाबत न्यायची, की शेवटी सळई निघते. करायला मात्र अवघड, कारण सगळा खेळ तापमानाचा. बिलेट जास्त तापली तर भट्टीतच शेजारणीला चिकटते. कमी तापली तर रोलांमध्ये अडकते आणि मागून येणारी लालभडक सळई सापासारखी उसळून बाहेर पडते. त्याला कॉबल म्हणत. कॉबल झाला की मिलमधला जाडजूड माणूससुद्धा हरणासारखा पळायचा.

भट्टी किती तापली आहे हे सांगायचा अधिकार तिथं एका माणसाचा होता. तुकाराम बिसेन. तिरोड्याकडचा शेतकरी घरातला माणूस, राहायला खुर्सीपारला, निवृत्तीला सहा-सात महिने उरलेले. भट्टीच्या दाराला एक बारीक झरोका होता. बिसेनकाका त्याच्यासमोर उभे राहायचे, निळी काच डोळ्यासमोर धरायचे, आत बघायचे, मग काच खाली घेऊन गमछ्यानं हळूच पुसायचे आणि म्हणायचे, "बाराशे दहा." एवढंच. केबिनमधले विलायती मीटर एकामागून एक मेले होते, सुटे भाग मिळत नव्हते, आणि सगळी मिल त्या एका डोळ्यावर चालली होती. पाहुणे आले की जनरल मॅनेजर साहेब त्यांना आधी काकांकडे घेऊन जायचे, नंतर चहाकडे.

पण काका निवृत्त झाल्यावर काय, हा प्रश्न होताच. म्हणून जीएम साहेबांनी आमच्या इन्स्ट्रुमेंट रूमला काम दिलं. भट्टीचं तापमान लाल आकड्यांत दाखवणारा डब्बा घरीच बनवा. इन्स्ट्रुमेंट रूम म्हणजे दोन माणसं, मी आणि माझे साहेब माथुर. माथुर साहेब कानपूरचे. हुशार, घाईचे, आणि जगातली प्रत्येक वस्तू दिल्लीला जास्त चांगली मिळते असं मानणारे.

डब्ब्यातली भानगड थोडक्यात सांगते. भट्टीत दोन वेगळ्या धातूंच्या तारा टोकाशी जोडून सोडलेल्या असतात. टोक तापलं की तारांमध्ये विजेचा अगदी बारीक दाब तयार होतो. भट्टी जितकी तापेल तितका तो वाढतो, आणि वाढतो तो तुपाच्या धारेसारखा, सलग. डब्ब्यातला मायक्रोकंट्रोलर मात्र हिशेबी प्राणी. त्याला धार कळत नाही. वाट्या किती झाल्या ते सांगा, म्हणतो. तर धारेच्या वाट्या मोजून त्याला आकडा सांगणारी जी चिप मध्ये बसते, ती ॲनालॉग-टू-डिजिटल कन्व्हर्टर. आम्ही एडीसी म्हणायचो. डब्बा खरा की खोटा हे सगळं हिच्यावर.

आमच्यासमोर तीन चिप्स होत्या आणि तिघींना मी नावं ठेवली होती.

पहिली आठ बिटची, म्हणून अठन्नी. सहज मिळायची, पण पायऱ्या मोजून दोनशे छप्पन. चौदाशे अंशांची उंची तेवढ्या पायऱ्यांत चढायची म्हणजे एकेक पायरी साडेपाच अंशांची. आकडा बाराशेवरून एकदम बाराशे पाच-सहावर उडी मारायचा. अठन्नी पहिल्याच दिवशी बाद झाली.

दुसरी बारा बिटची, चार हजारांवर पायऱ्यांची, साहेबांनी दिल्लीहून मागवलेली. ही एक्सप्रेस. तिचं काम भाजीवाल्याच्या तराजूसारखं. मोठं वजन टाकून बघायचं, जड झालं तर काढायचं, मग निम्मं, मग त्याच्या निम्मं. बारा वजनांत निकाल, आणि हे सगळं पापणी लवायच्या आत. पण त्याच क्षणी कोणी तराजूला धक्का दिला तर धक्क्यासकट वजन सांगून मोकळी.

तिसरी पण बारा बिटचीच, माझी लाडकी, पॅसेंजर. ही नळाखाली ठरलेला वेळ बादली धरते, मग ती ठरलेल्या धारेनं रिकामी करते आणि रिकामी व्हायला किती वेळ लागला ते मोजते. एक्सप्रेस हजारो मापं घेईल तेवढ्यात ही दहा घेते. पण नळ उचक्या देत असला तरी हिला फरक पडत नाही. बादली भरेपर्यंत उचक्या आपोआप फिटतात.

"कुंदाजी, ज़माना स्पीड का है," साहेब म्हणायचे.

"सर, भट्टी को कहाँ जाने की जल्दी है?" मी म्हणायची.

हे महिनाभर चाललं. शेवटी जीएम साहेब वैतागले. म्हणाले, दोघं पंधरा दिवसांत आपापला डब्बा बनवा, मग बुधवारपासून भट्टीवर लावा, सोमवारी फैसला. आणि खरं तापमान कोणतं हे ठरवायला? आमचा तपासणीचा मीटर दुरुस्तीला परगावी गेला होता. जीएम साहेब हसून म्हणाले, "बिसेन है ना. जो बिसेन बोले, वो सही."

माझ्या डब्ब्याचा प्रोग्राम ज्या चिपमध्ये भरायचा, ती आधी पुसायला खास दिवा लागतो. दिवा साहेबांनी स्वतःच्या टेबलाच्या खणात ठेवून कुलूप लावलं. मग मी ती चिप घरी नेली आणि गच्चीवर आईच्या मुगवड्यांशेजारी उन्हात ठेवली. भिलाईचं मे महिन्यातलं ऊन कशालाही पुसू शकतं. आठवडा लागला एवढंच. आई रोज विचारायची, "ह्या काळ्या वडीले उलटू का वं?"

बुधवारी दोन्ही डब्बे भट्टीजवळच्या खांबावर शेजारी शेजारी बसले. मिलची मोठी मोटर सुरू झाली आणि एक्सप्रेस भुतानं धरल्यासारखी नाचायला लागली. अकराशे ऐंशी, बाराशे बारा, अकराशे नव्वद. मी मनातल्या मनात पेढे वाटले. मग माझ्या डब्ब्याकडे पाहिलं. तोही झुलत होता. नाचत नव्हता, पण झोपाळ्यासारखा सावकाश दहा अंश वर, दहा अंश खाली.

"पैसेंजर भी हिल रही है," साहेब प्रेमानं म्हणाले.

चूक सापडायला गुरुवारची दुपार झाली. भट्टीजवळच्या तारांमध्ये आपल्या नेहमीच्या विजेची गुणगुण शिरलेली असते, सेकंदाला पन्नास वेळा वर-खाली होणारी. बादली बरोबर पुऱ्या गुणगुणींइतका वेळ धरली तर वरचं आणि खालचं फिटतं. अर्धवट धरली तर उरतं. बादली धरायचा वेळ मी डेटाबुकातून जसाच्या तसा उचलला होता, आणि ते बुक अमेरिकेचं. तिथली वीज सेकंदाला साठ वेळा हलते. म्हणजे आमच्या सेक्टरातल्या निम्म्या इंजिनिअर पोरांसारखंच झालं होतं. चिप भिलाईत, मन अमेरिकेत. चिपशेजारचा एक सुटा भाग बदलून मी वेळ भारतीय केला, आणि आकडा भिंतीला खिळा ठोकावा तसा स्थिर झाला.

अकराशे ब्याण्णव.

आणि बिसेनकाका काच पुसत म्हणाले, "बाराशे दहा."

तासाभरानं भट्टी थोडी चढली. माझा डब्बा बाराशे दोन, काका बाराशे वीस. उतरली तेव्हा डब्बा अकराशे सत्त्याऐंशी, काका बाराशे पाच. शुक्रवारीही तेच. एक्सप्रेस मध्येच कधीतरी नाचत नाचत बाराशे दहावरून जायची, आणि तेवढ्यात माथुर साहेब ओरडायचे, "देखो! बारह सौ दस! लिखो, लिखो!" आणि वहीत लिहून घ्यायचे.

मी टेबलावर डब्बा दोनदा जुळवून आणला होता. तो चुकणं शक्य नव्हतं. पण जो बिसेन बोले, वो सही. तिशीसुद्धा गाठली नव्हती मी, आणि हरायची अजिबात सवय नव्हती. शनिवारी सकाळी जीएम साहेब बघायला येणार होते. त्याआधी मी डब्ब्याचं झाकण उघडलं, खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढला आणि जुळवणीचा स्क्रू फिरवून आकडा अठरा अंश वर चढवला.

जीएम साहेब आले. काकांनी बघितलं, काच पुसली. "बाराशे दहा." माझा डब्बा, बाराशे दहा. जीएम साहेबांनी टाळी वाजवली. माथुर साहेब माझ्याकडे बघत राहिले आणि मी भट्टीकडे.

मिलचा फोरमन मात्र तिथंच उभा राहून नेहमीचं रडगाणं गात होता. "साहब, माल ठंडा आ रहा है. रोज़ बोलता हूँ." जीएम साहेबांनी त्याला हातानं गप्प केलं. डोळा आणि डब्बा दोन्ही एक आकडा सांगताहेत म्हटल्यावर फोरमनचं कोण ऐकणार?

जेवणाच्या सुट्टीत मी डबा उघडून नुसती बसले. पश्चात्ताप झाला म्हणून नव्हे. तेवढी चांगली मी नव्हते. मला फोरमनचं बोलणं टोचत होतं, आणि त्याच्या मागोमाग आणखी एक गोष्ट. माणसाचा डोळा चुकला तर कधी वर चुकेल, कधी खाली. उन्हातून आला तर वेगळा चुकेल, जेवून आला तर वेगळा. रोज, दर वेळी, एकाच बाजूला, बरोब्बर अठरा अंश चुकायला डोळा थोडाच आहे? असं फक्त यंत्रच चुकतं.

म्हणजे काकांच्या डोळ्यात कुठंतरी यंत्र होतं.

मी डबा बंद केला आणि झरोक्यासमोर जाऊन काकांच्या जागी उभी राहिले. डावीकडे भिंत, उजवीकडे पाइप. मागे, दहा-बारा पावलांवर, एका खांबावर परातीएवढा गोल काट्याचा मीटर, धुळीनं माखलेला. त्याला तारेनं पुठ्ठा बांधला होता, "बंद है, हाथ मत लगाओ". मी लागल्यापासून तो पुठ्ठा पाहत होते. बंद मीटर म्हणून आम्ही तो कधी तपासलाच नव्हता. जवळ गेले. धुळीनं माखलेल्या काचेवर मधोमध एक पट्टी स्वच्छ पुसलेली होती. आत काटा हळूच थरथरत होता. त्याच्या तारा भट्टीत जात होत्या. मीटर ठणठणीत जिवंत होता आणि बाराशे दहा दाखवत होता.

पण काका तर त्याच्याकडे पाठ करून उभे असायचे. मी परत जागेवर आले, कोनाड्यातली त्यांची निळी काच उचलली, डोळ्यासमोर धरली, खाली घेतली आणि त्यांच्यासारखी गमछ्यानं पुसायची नक्कल केली. निळ्या काळोख्या काचेत, उलटा, लहानसा, पण स्पष्ट, तो मीटर दिसत होता.

मला इतकं हसू आलं की भट्टीसमोर एकटीच हसत उभी राहिले. मग माझ्यातली लबाड पोर जागी झाली. मी मीटरपाशी गेले आणि त्याचा काटा आणखी तीस अंश वर सरकवून ठेवला. ही दुसरी लबाडी धरू नका. हा प्रयोग होता.

सुट्टी संपली. काका आले, आत बघितलं, काच खाली घेतली, पुसायला लागले. हात थांबला. परत झरोक्यातून बघितलं. परत काच पुसली. मग सावकाश वळून सगळीकडे नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली.

"बाराशे दहा," ते मोठ्यानं म्हणाले. मग जवळ येऊन हळूच, "पोरी, तो काटा जागेवर आन. आन् मंग चहा प्याले चल."

मीटर बाराशे चाळीस दाखवत होता, तरी काकांनी बाराशे दहाच सांगितले होते. म्हणजे डोळाही होताच.

चहाच्या टपरीवर त्यांनी सगळं सांगितलं. लाजले नाहीत, उलट इतक्या वर्षांत कोणाला तरी सांगायला मिळालं म्हणून खूशच दिसले.

"नवीन होतो तवा डोयानंच सांगत होतो. बरोबर निघे. मंग दोनदा चुकलो. लोक हसले. मंग एक दिवस काच पुसता पुसता हा मीटर दिसला. म्हटलं, देवच पावला."

"आणि तो पुठ्ठा?"

"मीच बांधला. नाही तं कोणी बी येऊन पाहे. मंग माह्या डोयाले कोन ईचारते?"

"काका, मग आज कसं ओळखलं?"

"अवं, एवढी वर्षं रोज दोन्ही पाहून राहिलो. आतला रंग आन् बाहेरचा काटा. तीस डिग्रीचा फरक का समजत नाही मले?"

"आणि अठरा डिग्रीचा?"

मग मी त्यांना सांगितलं. मीटर कोणी तपासत नव्हतं, तो वर्षावर्षाला अंश-अंश वर सरकला. इतका हळू की काकांचा डोळाही त्याच्याबरोबर सरकला. दोघं एकमेकांना साक्षी ठेवून चुकत गेले. भट्टी बाराशे दहा आहे असं सगळे समजत होते, आणि ती कधीपासून अकराशे ब्याण्णववर चालली होती.

काकांनी कप खाली ठेवला. "म्हंजे फोरमन खरं बोलून राहिला होता. माल थंडा जात होता."

"थोडा."

"मनराखनच्या पायावर कॉबल आला तवा?"

मनराखन रोलांवर काम करायचा. मागल्या पावसाळ्यात उसळलेल्या सळईनं त्याची पोटरी भाजली होती, दोन महिने घरी होता. मी म्हटलं, कॉबलची दहा कारणं असतात, एवढ्या फरकानं होतोच असं नाही. ते खरंही होतं. पण काकांनी ते ऐकलं की नाही कोणास ठाऊक.

"सांगून देतो साहेबाले," ते म्हणाले.

आता घाबरायची पाळी माझी. सांगितलं असतं तर निवृत्तीच्या तोंडावर त्यांना आरोपपत्र मिळालं असतं, आणि गेल्या कित्येक वर्षांतला प्रत्येक कॉबल त्यांच्या नावावर चढला असता. न सांगावं तर माझा खोटा डब्बा भट्टीवर कायमचा लागला असता आणि माल थंडच जात राहिला असता.

"काका, आकडा सुधारला पाहिजे हे नक्की. पण डोळा एकदम अठरा अंशांनी कसा सुधारला म्हणून सांगायचं?"

काकांचे डोळे चमकले. त्या माणसात माझ्यापेक्षा मोठी लबाड पोर होती.

"उद्या खुर्सीपारच्या शाळेत डोयाचं शिबिर हाय. फुकटचा चष्मा देऊन राहिले."

रविवारी मिल बंद असते. मी मीटर दुरुस्तीच्या नावाखाली गेले, खांबावरचा जुना मीटर नीट जुळवला, माझ्या डब्ब्याचा स्क्रू अठरा अंश उलटा फिरवला आणि घरी येऊन स्वस्थ बसले. काय चुकू शकेल याचा मी पुष्कळ विचार केला होता. एका गोष्टीचा सोडून.

सोमवारी सगळे जमले. काकांच्या सांगण्यावरून भट्टी सकाळीच थोडी वाढवली होती. काका नाकावर कोरा करकरीत काळ्या काड्यांचा चष्मा लावून आले. काच धरली, बघितलं, पुसली. "बाराशे पाच." डब्बा, बाराशे पाच. फोरमन आपणहून म्हणाला, "साहब, आज माल एकदम बढ़िया है."

जीएम साहेब गोंधळले. "शनिवार को बारह सौ दस था और माल ठंडा था. आज बारह सौ पाँच है और बढ़िया?"

काकांनी चष्मा काढला, सगळ्यांना दाखवला, पुन्हा लावला. "साहब, मेरी नज़र अठरा डिग्री चढ़ गई थी. चश्मा लगाया, उतर गई."

कोणी हसलं नाही. भट्टीवरच्या माणसांनी माना डोलावल्या. चष्म्यानं नंबर उतरतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. तो अंशांत उतरू शकतो हे नवीन होतं, पण बिसेनच्या डोळ्याच्या बाबतीत काहीही शक्य होतं. जीएम साहेब म्हणाले, "वाह."

मी श्वास सोडला. आणि शेजारून माथुर साहेबांचा शांत आवाज आला.

"कुंदाजी, बिसेन की नज़र चढ़ी थी, मान लिया. आपका डिब्बा भी शनिवार को बारह सौ दस बता रहा था. उसने कौन सा चश्मा लगाया?"

याचाच विचार मी केला नव्हता. सगळे माझ्याकडे बघत होते. काकांनी पुढं पाऊल टाकलं. मला कळलं, हा माणूस आता माझ्यासाठी सगळं सांगून टाकणार. मी त्यांच्या आधी बोलले.

"सर, मैंने पेंच घुमाया था. बिसेनजी से मिलाने के लिए. जीतने के लिए. डिब्बा सही था, मैं ग़लत थी."

जीएम साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी मला चार माणसांसमोर जे सुनावलं ते मी इथं लिहीत नाही. एक वाक्य मात्र आजही ऐकू येतं. "मशीन से झूठ बुलवाओगी तो मशीन और आदमी में फ़र्क़ क्या रहा?"

वाचवलं मला माथुर साहेबांनी. ते घसा खाकरून म्हणाले, "सर, मैं भी जब डिब्बा बारह सौ दस पर आता था, तभी लिखता था." आणि नाचणाऱ्या एक्सप्रेसची ती वही जीएम साहेबांसमोर धरली. पानंच्या पानं भरून एकच आकडा होता.

जीएम साहेबांनी आम्हा दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. ठरलं असं, की तपासणीचा मीटर परत आला की आठवडाभर नवी चाचणी, आणि या वेळी दोन्ही डब्ब्यांच्या स्क्रूला मोहर. मोहर म्हणजे नेलपॉलिश. स्क्रू हलू नये म्हणून इलेक्ट्रॉनिक्सवाले तीच लावतात. माथुर साहेब संकोचत म्हणाले, "आपके पास तो होगी ही." माझ्याकडे जन्मात कधी नव्हती. शेवटी साहेबांनीच बायकोची आणली, गुलाबी.

त्या चाचणीत पॅसेंजर जिंकली. तपासणीच्या मीटरपासून दोन अंश इकडे-तिकडे, आणि भट्टीवर तीच बसली. पण एक्सप्रेसही वाया गेली नाही. बिलेट रोलात शिरते तेव्हा मोटरवरचा भार क्षणात चढतो-उतरतो. पॅसेंजर बादली धरून उभी असते तोवर तो खेळ संपलेला असतो. साहेबांनी तिथं एक्सप्रेस लावली, आणि रोल अडायला लागताच घंटा वाजू लागली. कॉबल उसळायच्या आधी माणसांना बाजूला व्हायला वेळ मिळायचा. परत कामावर आलेला मनराखन त्या घंटेला रोज हात जोडायचा. कोणती चिप चांगली असं नवशिकी पोरं अजून विचारतात. मी विचारते, कशासाठी? चाचणीच्या माझ्या अहवालात मात्र पहिल्या चार दिवसांचं पान कोरं आहे. ते भरायला हवं होतं. चूक कशी सरकत जाते हे त्या पानावरून जितकं शिकता आलं असतं तितकं बाकी अहवालात नाही.

चष्म्याचं राहिलं. सोमवारच्या गोंधळानंतर मी काकांना म्हटलं, "नाटक छान वठलं." ते म्हणाले, "कायचं नाटक वं? खोटं सांगाले गेलो, डॉक्टरनं खरं करून टाकलं." त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला होता. उजवा पिकलेला. डॉक्टरांनी विचारलं होतं, आगीसमोर काम करता का? इतकी वर्षं? आणि मग म्हणाले होते, चष्मा कसला घेता, ऑपरेशन करा. काकांनी तरी चष्मा मागून घेतलाच होता.

मी ते जीएम साहेबांना सांगितलं, या वेळी पदरचं काही न घालता. त्यांनी भट्टीवरच्या सगळ्यांचे डोळे तपासून घेतले. आणखी एकाला मोतीबिंदू निघाला. बिचारा कोणाला सांगत नव्हता.

पावसाळा सरता सरता काकांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दीड-दोन महिन्यांनी ते कामावर आले तेव्हा निवृत्तीला थोडेच दिवस होते. एका भिंगानं जाड झालेला चष्मा, त्यामागे एक डोळा दुप्पट मोठा. त्यांना हलकं काम दिलं होतं, पण पाय भट्टीकडेच वळले. निळी काच धरून झरोक्याशी वाकले आणि तसेच राहिले.

"बाई, भट्टीत काई बदललं का?"

"नाही काका. तीच आहे."

"मंग हे इतकं पांढरं कावून?"

त्यांनी उजवा डोळा मिटला, डाव्यानं बघितलं. मग डावा मिटला, उजव्यानं बघितलं. पुन्हा डावा, पुन्हा उजवा. मग खदाखदा हसायला लागले, जत्रेतल्या पोरासारखे.

"अवं, ह्या डोयानं चुन्यावानी पांढरं, अन् ह्या डोयानं पिकल्या आंब्यावानी! एक भट्टी, दोन रंग! मी तं आंबाच पाहत होतो इतके दिवस!"

फोरमन आला, मनराखन आला, माथुर साहेब आले. काका एकेक डोळा मिटून बघत होते आणि प्रत्येकाला सांगत होते. शेवटी माथुर साहेबांनी विचारलं, "तो बिसेनजी, टेम्परेचर कितना है?"

"कोनत्या डोयानं सांगू?"

मी खांबाकडे बोट दाखवलं. "काका, डब्बा पाहा ना."

काकांनी लाल आकड्यांकडे बघितलंच नाही. पुन्हा झरोक्याकडे वळत म्हणाले, "त्याले काय ईचारू? त्याले तं एकच डोया हाय."